शेवट सांगू नका हो!

औशाहून सकाळच्या लालपरीनं लातूर गाठलं, स्टँडजवळ मुरमुऱ्याचा सुशीला हाणला आन् चित्रपट महोत्सवात जाऊन बसलो. ३० वर्षं कंडक्टरकी केली, आता म्हटलं आपणच तिकीट काढून बसू.

कार्यक्रमपत्रिका झकास, पण वेळा मुंगीएवढ्या अक्षरात. शेजारच्या पोराकडून वाचून घेतल्या. निवड मात्र दमदार. मराठी विभागाची ओळख करून देणाऱ्या बाई फार गोड बोलल्या. १९५४ मध्ये पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत अत्र्यांची ‘श्यामची आई’ सर्वोत्कृष्ट ठरली. तो मान मराठीला परत मिळाला तो थेट ‘श्वास’ला, ५० वर्षांनी! माझी अख्खी नोकरी आन् वर २० वर्षं.

दुपारच्या गृहस्थांनी मात्र घोळ घातला. इराणी चित्रपटाची ओळख करून देता देता शेवटच सांगून टाकला. मागून एक आजी म्हणाल्या, “मग आता घरी जाऊ का बाबा?” सगळं सभागृह हसलं.

सभागृहही सपाट. खालची मराठी अक्षरं पुढच्या काकांच्या टोपीआड. अर्धा संवाद मी अंदाजानंच भरला.

तरी उद्याचाही पास घेतलाय. रात्रीचा खेळ तेवढा सोडावा लागंल, औशाची शेवटची गाडी चुकती.