वकील खोटा, आणि त्याला पकडायला आलेला ‘अधिकारी’ही खोटा

आईचं माहेर बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातलं. आजोबा गेल्यावर मामांनी वारसा करताना उताऱ्यावर फक्त आपली नावं चढवली आणि भाताच्या शेताला गिऱ्हाईकही बघायला लागले. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हिस्सा मुलाएवढाच, हे आता गावातल्या म्हाताऱ्यांनाही पाठ आहे. तेव्हा वाटणीचा दावा घालायचा, यावर घरात दुमत नव्हतं. प्रश्न होता वकील कुणाला धरायचा.

बेळगावात कोर्टाच्या आसपास टायपिंगवाले आणि चहाच्या टपऱ्या आहेत, तिथं हे ‘साहेब’ भेटले. काळा कोट हातावर, पांढरा बँड खिशातून डोकावतोय आणि बोलणं अस्सल आपल्या मराठीत. हे शेवटचं काय काम करतं ते सीमाभागात राहणाऱ्यालाच कळेल. उतारा कन्नडात, तहसीलची नोटीस कन्नडात, कोर्टाचा कागद आला की आधी तो वाचून दाखवणारा शोधायचा. अशात कुणी म्हणतो, “काकू, कशाला काळजी करतासा? मी हाय की.” आई तिथंच निर्धास्त झाली.

सनदेचा, म्हणजे वकिलीच्या परवान्याचा नंबर मी विचारला होता. “सनद महाराष्ट्राची हाय वो, कर्नाटकाच्या यादीत नाव गावायचं नाही.” या थापेत निम्मं खरं आहे, म्हणून ती चालते. वकिलांच्या कायद्यातलं 30 वं कलम 2011 मध्ये लागू झालं, तेव्हापासून एका राज्याची सनद देशभर चालते. बेळगावात महाराष्ट्राची सनद घेतलेला वकील उभा राहिला तर त्यात वावगं काही नाही. पण वकिलांची नोंदणी करणाऱ्या महाराष्ट्र-गोव्याच्या बार कौन्सिललाही आपली यादी आहेच. कर्नाटकाचा नंबर ‘केएआर’नं सुरू होतो, तिकडचा ‘एमएएच’नं, पुढं क्रमांक आणि नोंदणीचं साल. यादी कुठलीही असो, नंबर हवाच. यानं तो कधीच दिला नाही. कार्डावर नुसतं नाव, त्यापुढं ‘बीए, एलएलबी’. एलएलबी झालेला माणूस नोंदणीशिवाय वकील होत नाही.

दुसरी थाप त्याहून गोड. “बेळगावात नको, कोल्हापूरला घालू. आता तिथं हायकोर्ट आलंय, सगळं मराठीत.” 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच चालू झालंय, ही गोष्ट खरी. पण ते सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी. खानापुरातल्या शेताचा दावा जमीन असेल तिथल्याच कोर्टात पडतो आणि हायकोर्टाची पाळी आली तर कर्नाटक हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठाकडं जावं लागतं. शिवाय हायकोर्टाचं काम कोल्हापुरातही इंग्रजीतच चालतं. मराठीची तहान लागलेल्या माणसाला कुठलं पाणी दाखवायचं हे त्या गड्याला पक्कं ठाऊक होतं.

तुकड्या-तुकड्यानं 38,000 गेले: कोर्ट फी, टायपिंग, ‘वरचा खर्च’. पावती एकाचीही नाही. मग एक दिवस त्यानं ‘स्टे’, म्हणजे जमीन विकायला मनाई करणारा कोर्टाचा हुकूम, आणून दिला. आईनं तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवघरात ठेवला.

मामा गिऱ्हाईकाला घेऊन शेत मोजायला गेले तेव्हा तो कागद घेऊन आम्ही सब-रजिस्ट्रार ऑफिसला धावलो. तिथल्या क्लार्कनं कागद उलटा केला आणि विचारलं, “मागं काही नाही?” कोर्टाच्या खऱ्या नकलेवर अर्ज कधी केला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली, याच्या तारखा आणि शिक्का असतो. आमच्या कागदाची पाठ कोरी होती. पुढच्या बाजूला दाव्याचा नंबर होता, पण साल नव्हतं. प्रत्येक दाव्याला मिळणारा सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर नव्हता. हुकमाची तारीख कॅलेंडरात बघितली तर वार निघाला रविवार.

इथवरची गोष्ट तुम्ही आणखी कुणाकडून ऐकली असेल. मी लिहायला बसलोय ते पुढच्या माणसासाठी.

टपरीवाल्यांकडं, टायपिंगवाल्यांकडं आम्ही त्या साहेबाची चौकशी करत फिरलो, आणि थोड्याच दिवसांत घरी एकजण आला. गळ्यात पट्टा, पट्ट्याला सिंहाच्या मुद्रेचं कार्ड. “बेंगळूरहून आलोय, बार कौन्सिल, बोगस वकील तपास विभाग.” आमचा सर्व्हे नंबर त्याला माहीत. किती पैसे गेले तेही माहीत. आईच्या डोळ्यात पाणीच आलं, शेवटी सरकारला जाग आली म्हणून. माझा अंदाज असा की ही माहिती पहिल्या साहेबाकडूनच त्याला मिळाली. दोघं एकाच ताटातले.

त्यानं आईचा जबाब लिहून घेतला, अगदी पोलिसासारखा, प्रत्येक पानावर सही. मग 12,000 ‘तपास फी’ मागितली: आरोपीची मालमत्ता जप्त झाली की 38,000 सकट परत मिळतील. पैसे घेतले, आजोबांच्या मृत्यूचा मूळ दाखला आणि जुने उतारे ‘पुरावा’ म्हणून घेतले, आणि “कन्नड मजकूर नंतर टाइप करतो” म्हणून दोन कोऱ्या कागदांवर आईच्या सह्या घेतल्या. फोन दुसऱ्या दिवसापासून बंद.

असं घरी येऊन रोख फी घेणारं पद कायद्यात कुठंच नाही.  राज्य बार कौन्सिल वकिलांच्या कायद्याच्या 35 व्या कलमाखाली कारवाई करते ती नोंदणी असलेल्या वकिलावर. तक्रार लेखी द्यायची, आणि पुढं शिस्तपालन समिती. ज्याची नोंदणीच नाही तो तिच्या कक्षेबाहेर. त्याच्यासाठी त्याच कायद्यातलं 45 वं कलम आहे, सहा महिन्यांपर्यंत कैदेचं. म्हणजे वाट पोलिसांकडं आणि फौजदारी कोर्टाकडं जाते. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं 318 वं कलम लागतं, पैसे उकळले असतील तर सात वर्षांपर्यंत शिक्षा. आणि गेलेले पैसे जप्त करून घरपोच आणून देण्याचा अधिकार बार कौन्सिलला मुळात नाहीच. कुणी तसं म्हणाला तर कार्ड बघायचीसुद्धा गरज नाही.

आता आईचा दावा खानापूर कोर्टात आहे. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळाला, फुकट. बाईमाणसाला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, फोन 15100. वकीलपत्रावर त्यांचा नोंदणी क्रमांक आहे, वकील कल्याण निधीचा स्टॅम्प आहे. सीएनआर नंबर टाकला की तारीख मोबाईलवर दिसते. मनाईच्या अर्जावर अजून निकाल नाही, मामा बोलत नाहीत.

पोलिसांत दोघांविरुद्ध तक्रार दिली आहे. पैशांची आशा आम्ही सोडली. भीती आहे ती त्या दोन कोऱ्या सह्यांची. त्या कागदावर उद्या काय छापलं जाईल सांगता येत नाही, म्हणून पोलीस तक्रारीत त्यांचा वेगळा उल्लेख केलाय, आणि सब-रजिस्ट्रार ऑफिसला व तहसीलला लेखी कळवून पोच घेतलीय.