मणक्यातील स्क्रू: साधा सी-आर्म की त्रिमितीय स्कॅन?

मणक्यात स्क्रू बसवायचे ठरले की काही ठिकाणी रुग्णापुढे दोन पर्याय ठेवले जातात: साध्या सी-आर्मवर (इंग्रजी C अक्षराच्या आकाराच्या क्ष-किरण यंत्रावर) वेळोवेळी क्ष-किरण प्रतिमा पाहत काम करणे, किंवा टेबलावरच त्रिमितीय स्कॅन घेऊन संगणकाच्या मार्गदर्शनाने स्क्रू बसवणे. दुसऱ्या पद्धतीत किरणोत्सर्ग कमी होतो असे सांगितले जाते, तेव्हा तो नेमका कोणाचा कमी होतो हे रुग्णाने जरूर विचारावे.

सी-आर्मवर शल्यचिकित्सक पायाने पेडल दाबतो, पडद्यावर मणका उमटतो, पाय उचलताच किरण थांबतात आणि शेवटची प्रतिमा पडद्यावर तशीच राहते. त्यामुळे रुग्णाला मिळणारी किरणोत्सर्गाची मात्रा बरीचशी त्या पायाच्या संयमावर अवलंबून असते. शरीर स्थूल असेल तर यंत्र किरणांचा जोर आपोआप वाढवते, आणि कमरेची प्रतिमा बाजूने घेताना किरणांना अधिक जाडी ओलांडावी लागत असल्याने मात्राही वाढते. रुग्णाच्या शरीरावरून विखुरणारे किरण जवळ उभ्या असलेल्यांवर येतात. त्रिमितीय स्कॅनच्या वेळी ही मंडळी आडोशाला जातात, रुग्ण मात्र जागीच असतो. म्हणजे बचत प्रामुख्याने कर्मचाऱ्यांची होते (तीही मोलाचीच, कारण ते वर्षानुवर्षे हेच काम करतात) आणि रुग्णाची मात्रा अनेकदा वाढते.

ही वाढ किती गंभीर मानावी? निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट (किरणोत्सर्गाची मात्रा मोजण्याचे एकक) मात्रा मिळतेच. स्कॅनमुळे ५ मिलिसिव्हर्टची भर पडली असे धरले, तर प्रचलित अंदाजानुसार कर्करोगाची वाढीव जोखीम सुमारे ४००० मध्ये एक इतकी येते. लहान मुलांत ती अधिक धरावी लागते. उलट, चेतातंतूला टेकलेला एक चुकीचा स्क्रू पुन्हा शस्त्रक्रिया करायला लावू शकतो. म्हणून पाठीचा कणा वाकलेला असेल, आधीच्या शस्त्रक्रियेने हाडांच्या खुणा पुसल्या असतील किंवा स्क्रू मानेजवळ बसवायचे असतील, तर मी स्कॅनच्या बाजूने कौल देईन. कमरेच्या एकाच पातळीवरील सरळ कामाला अनुभवी हातातला सी-आर्म पुरेसा आहे. मनगट किंवा घोट्यासाठी हा विचार जवळजवळ अनावश्यक ठरतो, कारण तिथे किरणांना संवेदनशील अवयव नसतात. गर्भधारणेची शक्यता असल्यास ती मात्र कोणत्याही पर्यायाआधी सांगावी.

स्कॅन निवडल्यास तो किती वेळा होणार, कमी मात्रेची सेटिंग वापरणार का आणि मात्रेची नोंद कागदपत्रांत मिळेल का, हे शस्त्रक्रियेपूर्वीच विचारून घ्यावे.