टोपेकाची मनरो शाळा: जा, पण घाईत नको

मी जिल्हा परिषदेची निवृत्त शिक्षिका. मुलाकडे अमेरिकेत कॅन्सस सिटीला आले की मॉलपेक्षा मला शाळा बघायला आवडतात. कॅन्सस राज्याची राजधानी टोपेका तिथून गाडीने तासाभरावर. १९२६ सालची विटांची मनरो शाळा आता राष्ट्रीय स्मारक आहे, तिकीट नाही.

कॅन्ससच्या १८७९ च्या कायद्याने मोठ्या शहरांना प्राथमिक शाळा वर्णानुसार वेगळ्या ठेवायची मुभा होती. टोपेकात काळ्या मुलांसाठी अशा चार शाळा. लिंडा ब्राउन या काळ्या मुलीच्या घराजवळची समनर शाळा गोऱ्यांची, म्हणून ती रूळ ओलांडून बस धरून लांबच्या मनरोत यायची. तिच्या वडिलांसह १३ पालकांनी शाळा मंडळावर खटला भरला. १७ मे १९५४ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्यांच्या बाजूने निकाल दिला: वर्णानुसार वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य.

मनरो काही पडकी, गळकी शाळा नव्हती हो! इमारत चांगली, शिक्षिका उत्तम. त्यामुळे न्यायालयाला मुलांना वेगळं बसवणं हेच मुळात तपासावं लागलं. मला मात्र बोचलं ते दुसरंच. निकालाच्या आधीच, १९५३ मध्ये, काही काळ्या शिक्षिकांना शहरातल्या शाळांच्या अधीक्षकांचं पत्र गेलं होतं: गोऱ्या मुलांना तुम्ही शिकवलेलं बहुतेकांना चालणार नाही, नोकरीचं धरून चालू नका. चाळीस पोरांचा वर्ग सांभाळलेल्या बाईला यातला अपमान समजावून सांगावा लागत नाही.

एका अरुंद बोळात दोन्ही बाजूंच्या पडद्यांवर ओरडणारे जमाव दिसतात. लहान नातवंडं घाबरतील, त्यांना तिथून नेऊ नका. वाचायला भरपूर आहे. चष्मा विसरू नका.