लक्झरी घड्याळ, काही महिने रोज वापरल्यानंतर

स्विस ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीने चावी बसणारं), स्टीलची केस म्हणजे बाहेरचं कवच, अचूकतेचं क्रोनोमीटर प्रमाणपत्र असलेलं घड्याळ. बरेच महिने रोज हातात आहे. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही, कारण या वर्गातल्या अनेक घड्याळांबद्दल थोड्याफार फरकाने हेच लिहावं लागेल.

आधी जे मनापासून आवडलं ते. केसवर ब्रश केलेला भाग आणि पॉलिश केलेली कड जिथे मिळतात, ती रेघ भिंगातून पाहिली तरी कुठे वाकत नाही. काटे मधोमध उंचावलेले आहेत, त्यामुळे काट्याची एक बाजू उजळ आणि दुसरी काळी दिसते, आणि कमी उजेडातही वेळ चटकन कळते. काच सफायरची; इतक्या महिन्यांत तिच्यावर एक चरा नाही. ब्रेसलेटच्या लिंकमध्ये मनगटावरची लव अडकून ओढली जात नाही. रोज जाणवतं ते हे काम, आणि माहितीपत्रकात याबद्दल एक ओळही नाही! तिथे शर्यतीच्या गाड्या आहेत, खोल समुद्र आहे, एक प्रसिद्ध चेहरा आहे आणि ‘आमचं कॅलिबर’, म्हणजे घड्याळाच्या आतली यंत्रणा, आहे.

या कॅलिबरबद्दल जरा सविस्तर लिहितो. मागच्या काचेतून रोटरवर, म्हणजे हात हलला की फिरून चावी देणाऱ्या वजनावर, ब्रँडचं नाव कोरलेलं दिसतं. रोटर बाजूला सरकला की खालची मांडणी ओळखीची निघते: सेलिटा या कंपनीचं एसडब्ल्यू 200, म्हणजे ईटीए या दुसऱ्या स्विस कंपनीच्या 2824 च्या धर्तीवर बनलेलं मूव्हमेंट (यंत्रणा). तासाला 28,800 ठोके, पॉवर रिझर्व्ह, म्हणजे हातातून काढल्यावर चालत राहण्याचा वेळ, 40 तासांच्या आसपास. शुक्रवारी संध्याकाळी काढून ठेवलं तर रविवारी दुपारपर्यंत बंद पडलेलं असतं. मूव्हमेंट वाईट नाही. उलट दणकट आहे, सुटे भाग सहज मिळतात आणि जाणकार कारागिरांना ते पाठ असतं. राग येतो तो लपवाछपवीचा. ओरिस ही स्विस कंपनी आपल्या 733 कॅलिबरचा पाया एसडब्ल्यू 200 आहे हे उघड सांगते, आणि त्यामुळे तिची घड्याळं कुणाला कमी वाटत नाहीत. ब्राइटलिंग आणि ट्यूडर या कंपन्यांनी तर एकमेकांची मूव्हमेंट घेतली आणि तेही लपवलं नाही. मग बाकीच्यांना नवा नंबर चिकटवून गप्प बसायची गरज का पडावी?

अचूकतेबद्दल मात्र तक्रार नाही. क्रोनोमीटर प्रमाणपत्र देणाऱ्या सीओएससी या स्विस संस्थेच्या चाचणीत मूव्हमेंट 15 दिवस, पाच स्थितींत आणि तीन तापमानांत तपासलं जातं. दिवसाची सरासरी चूक उणे 4 ते अधिक 6 सेकंदांत बसावी लागते. माझं घड्याळ त्याच मर्यादेत चालतं. रात्री डायल वर करून ठेवलं की थोडं पुढे जातं, बाजूची किल्ली खाली करून उभं ठेवलं की तेवढंच मागे येतं, त्यामुळे रात्री कसं ठेवायचं हे ठरवून आठवड्याची चूक जवळपास भरून काढता येते. हा भाग मला फार आवडतो. पण प्रमाणपत्र मिळतं ते केसमध्ये बसवण्याआधीच्या मूव्हमेंटला, हे जाहिरातीत कोणी सांगत नाही. ओमेगा वापरते ती मेटास या स्विस सरकारी मापनसंस्थेची चाचणी पूर्ण जोडलेल्या घड्याळावर होते आणि तिथे 0 ते अधिक 5 सेकंद एवढीच मुभा असते. हा फरक खरा आहे आणि त्याचे जास्त पैसे मागितले तर मला पटतं. नुसती अचूकताच हवी असेल तर 1969 च्या डिसेंबरात सेइकोने अॅस्ट्रॉन हे क्वार्ट्झ (बॅटरीवर, स्फटिकाच्या कंपनांवर चालणारं) घड्याळ आणलं तेव्हाच तो प्रश्न सुटला. साधं क्वार्ट्झही महिन्याला साधारण 15 सेकंदांत राहतं.

मध्यंतरी घड्याळ अचानक दिवसाला काही मिनिटं पुढे जायला लागलं. टॅबलेटच्या कव्हरमधल्या चुंबकाजवळ ठेवल्यामुळे हेअरस्प्रिंगचे, म्हणजे ठोके नियमित ठेवणाऱ्या बारीक स्प्रिंगचे, वेढे एकमेकांना चिकटत होते. डीमॅग्नेटायझरवर, म्हणजे चुंबकत्व काढणाऱ्या उपकरणावर, धरताच ठीक झालं. पण ‘साहसासाठी घडवलेलं’ घड्याळ टेबलावरच्या कव्हरपुढे हार मानतं, तेव्हा सिलिकॉनच्या हेअरस्प्रिंगची किंमत कळते. चुंबकाचा तिच्यावर परिणाम होत नाही. मेटास चाचणीतला 15,000 गॉसचा (चुंबकीय क्षेत्राच्या मापाचा) आकडा मोठा वाटतो खरा, पण त्यामागची सोय रोजच्या कामाची आहे. पुढचं घड्याळ घेताना मी ती नक्की पाहीन.

ब्रँड सांगतात त्या वारशाच्या गोष्टीही अशाच एकेक करून तपासाव्या लागतात. ओमेगाचं स्पीडमास्टर 1965 मध्ये नासाच्या उष्णता, थंडी, धक्के आणि निर्वात पोकळीच्या चाचण्यांतून पार पडलं, हा नोंदलेला इतिहास आहे. उलट ब्लांपाँ या स्विस ब्रँडच्या जाहिरातीने 1735 पासून कधी क्वार्ट्झ बनवलं नाही असं अभिमानाने सांगितलं, तेव्हा वाचणाऱ्याला अखंड परंपरा वाटते. प्रत्यक्षात ते नाव झोपी गेलं होतं आणि 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला जाँ-क्लोद बिव्हेर आणि जाक पिगे यांनी ते पुन्हा उभं केलं. त्यानंतर तिथे उत्तम घड्याळं बनली. मग तेच सांगा ना, ती गोष्टही मोठीच आहे! ‘स्विस मेड’चंही तसंच. 2017 पासूनच्या नियमाप्रमाणे उत्पादनखर्चाचा किमान 60 टक्के भाग स्वित्झर्लंडमधला असावा लागतो. मूव्हमेंट स्विस असणं, केसमध्ये बसवणं आणि शेवटची तपासणी तिथे होणं हेही बंधनकारक आहे. उरलेला भाग कुठून आला ते विचारायचा गिऱ्हाइकाला पूर्ण हक्क आहे.

पाण्याचं थोडक्यात: डायलवरचे 100 मीटर हा चाचणीतला दाब आहे, पोहायला पुरतो. रबरी सील जुने झाले की तो आकडा राहत नाही, म्हणून सर्व्हिसिंगच्या वेळी दाबचाचणी करून घ्यावी.

घड्याळ मी ठेवणार आहे. केस, काटे आणि चालण्यातली शिस्त यांसाठी ते दिलेल्या पैशांचं आहे. चेहरा आणि शर्यतीची गाडी यांसाठी जे वर गेलं ते नाही. कुणी घ्यायला निघाला असेल तर दुकानात आधी आतल्या मूव्हमेंटचं मूळ नाव लिहून मागावं, आणि वॉरंटी संपल्यावर सर्व्हिसिंग बाहेरच्या कारागिराकडे होईल की कंपनीकडेच पाठवावं लागेल, तेही विचारावं. माझं तरी बाहेर सहज होईल, कारण आत तेच ओळखीचं मूव्हमेंट आहे.