गच्चीवरची एक किलोवॅटची पवनचक्की : नागपुरात कितपत फिरते?

सोलरच्या जोडीला 'हायब्रिड' म्हणून विकली जाणारी ही चक्की : तीन पाती, तीन मीटर व्यास, 48 व्होल्ट, मागे शेपटी. यंत्र म्हणून वाईट नाही. गोम 'एक किलोवॅट' या दोन शब्दांत आहे. हा आकडा वारा सेकंदाला 11 मीटर, म्हणजे ताशी 40 किलोमीटरने वाहत असतानाचा. धरमपेठेत किंवा मनीषनगरात गच्चीवर एवढा वारा येतो तो मे महिन्यातल्या वादळात, आणि नेमकी तेव्हा चक्की थांबवून ठेवावी लागते.

वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाने बदलते. वेग निम्मा झाला की शक्ती आठव्या हिश्श्यावर येते. 3 मीटर वेगाला या पात्यांच्या घेरातून साधारण 105 वॅट शक्ती जाते. तिचा चौथा भाग हाती आला, तर 26 वॅट. एक ट्यूबलाइट! त्यात पत्रकातले आकडे समुद्रसपाटीच्या थंड हवेतले. 45 अंशांच्या नागपुरी उन्हात हवा विरळ होते आणि त्या आकड्यांतले बारा-तेरा टक्के जातात.

वर्षाची सरासरी 3 मीटर धरली आणि जून-जुलैचा जोर जमेस घेतला, तरी हिशेब चारशे युनिटांच्या आसपास येऊन थांबतो. युनिटला दहा रुपये धरा : चार हजार. कोटेशनची रक्कम या चार हजारांनी भागा, म्हणजे किती वर्षांत पैसे सुटतील ते दिसेल. बॅटरी त्याआधीच बदलावी लागेल. एक किलोवॅट सोलर इथे वर्षाला तेराशे-चौदाशे युनिटं देतं, शिवाय पीएम सूर्यघरमध्ये त्याला 30,000 रुपये अनुदान आहे. चक्कीला त्या योजनेत काही नाही.

बसवताना बहुतेक ठिकाणी खांब कठड्याला क्लॅम्प करतात. तसं करू नये. थरथर स्लॅबमध्ये उतरते आणि रात्री खालच्या खोलीत घुमते. दीडशे मीटरच्या परिघात जे सर्वांत उंच असेल, मग ते कडुनिंबाचं झाड असो की शेजारची पाण्याची टाकी, त्याच्या 9 मीटर वर पाती हवीत. खाली राहिली तर भोवऱ्यातली हवा मिळते, चक्की सारखी तोंड फिरवते आणि मानेचं बेअरिंग झिजतं. ताणाच्या तारा चार लावा, टर्नबकल (तारा ताणणारे स्क्रू) पावसाळ्याआधी आवळा. सोनेगावच्या विमानतळाजवळ राहत असाल तर उंचीची मर्यादा आधी पाहा.

सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे डंप लोड, म्हणजेच जादा वीज जाळणारा रोधक. सोलर पॅनेल बॅटरी भरल्यावर नुसतं तोडलं तरी चालतं. चक्कीवरचा विजेचा भार काढला तर ती बेफाम पळते. म्हणून हा रोधक हवाच, तोही सावलीत आणि हवेशीर जागी. ब्रेकचा स्विच जनरेटरच्या तिन्ही तारा शॉर्ट करतो. तो वादळ अंगावर येण्याआधी, पाती सावकाश असताना टाका. वेगात टाकला की वाइंडिंग जळतं.

राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेने 120 मीटर उंचीवर महाराष्ट्राची क्षमता 98 गिगावॅट सांगितली आहे, आणि विक्रेते ती हमखास ऐकवतात. ती आपल्या गच्चीची नव्हे. साताऱ्याचं वनकुसवडे, चाळकेवाडी किंवा धुळ्याचं ब्राह्मणवेल यांची उघडी पठारं वेगळी, आणि दाट वस्तीतले दहा-बारा मीटर वेगळे. इथे 10 मीटर उंचीवरचा वारा सेकंदाला 3 मीटर असेल तर 100 मीटर उंचीवर तो 6 भरू शकतो, म्हणजे आठपट शक्ती.

विक्रेत्याला एकच विचारा : 3 आणि 4 मीटर सरासरीला महिन्याला किती युनिटं, ते लेखी द्या. घ्यायचीच असेल तर वीज न पोचलेल्या उघड्या शेतावर घ्या, तीही एक वर्ष खांबावर वेगमापक लावून नोंदी ठेवल्यावर. नुसत्या जुलैच्या नोंदींवर विसंबू नका; नोव्हेंबरात तोच मापक दिवसदिवस जागचा हलत नाही.