लांबून सत्तर-दोनशे की जवळून पस्तीस?

संस्थेच्या कामाचे, वस्तीचे, मंडळाचे फोटो ‘इकडे बघा, हसा’ न म्हणता काढायचे, एवढं ज्याचं ठरलंय त्याच्यासाठी हे लिहितोय. ओळीत उभं करून काढायचे असतील तर कुठलाही कॅमेरा चालतो, मोबाइलसुद्धा. खरी पंचाईत पुढे होते. दारापाशी उभं राहून ७०-२०० एमएम झूमने (लांबचं जवळ आणणाऱ्या मोठ्या लेन्सने) टिपायचं, की ३५ एमएमचा (झूम न होणाऱ्या, रुंद दृश्य दाखवणाऱ्या लेन्सचा) छोटा कॅमेरा गळ्यात अडकवून माणसांत जाऊन बसायचं? मी आधी चार वर्षं पहिलं केलं, आता दुसरं करतो.

झूमची बाजू भक्कम आहे, ती आधी मांडतो. मागची पोपटी भिंत, लोंबणारी वायर, तीन वर्षांपूर्वीचं कॅलेंडर सगळं विरघळून जातं आणि फोटो बघताक्षणी विश्वस्त खूश होतात. कुणाचं काम अडत नाही. शाल-श्रीफळ, दीपप्रज्वलन, भाषण यांना तर दुसरा पर्यायच नाही. दहाव्या रांगेतून ३५ने काढलेला प्रमुख पाहुणा माइकमागे ठेवलेल्या शेंगदाण्याएवढा येतो. विसर्जनाला लक्ष्मी रस्त्यावर कुणाची गॅलरी मिळाली, तर वरून झूमने जे मिळतं ते खाली कोपरं खात उभं राहून मिळत नाही.

पण आपल्या बहुतेक संस्था गॅलरीतून दिसत नाहीत. पेठेतल्या दहा बाय बाराच्या खोलीत दोन लोखंडी कपाटं, एक टेबल आणि आठ माणसं. झूमला फोकस करायलाच मीटर-सव्वा मीटर अंतर लागतं, म्हणून मागे सरकावं तर कपाटाची मूठ पाठीत. त्यात ती दीड किलोची नळी एकदा रोखली की समोरची बाई पदर सारखा करते, समोरचा माणूस फाइल उघडतो. हेही चालवून घेतलं असतं. माझं मन उडालं ते फोटोखालच्या ओळींमुळे.

झालं असं. पर्वतीच्या बाजूच्या एका वस्तीत बचतगटाची बैठक होती. मी दारातून झूम लावून दीड तासात सहाशे फोटो काढले. त्यात एक अगदी हवा तसा सापडला: एक ताई, पदर तोंडाशी दाबलेला, डोळे बारीक, शेजारची तिच्याकडे बघतेय. वार्षिक अहवालाला ओळी द्यायची वेळ आली तेव्हा लक्षात आलं की मला एकीचंही नाव माहीत नाही, विषय काय चालला होता तेही माहीत नाही. दारात पंख्याच्या घरघरीत काही ऐकूच आलं नव्हतं. मी बिनधास्त लिहिलं, ‘हास्यविनोदात रंगलेल्या भगिनी’. अहवाल छापून झाला, वाटायला मी स्वतः गेलो. ताईंनी पान बघितलं, मला बघितलं आणि म्हणाल्या, “अहो दादा, त्या दिवशी सकाळीच दाढ काढली होती. कळ येत होती नुसती.” बाकीच्या बायका मात्र त्या क्षणी खरोखर हास्यविनोदात रंगल्या. सातशे प्रती छापल्या होत्या.

चूक माझीच, लेन्सची नाही, हे कबूल. झूमवाला हुशार माणूस बैठक संपल्यावर वही घेऊन बसेल, नावं लिहील. मी चार वर्षांत दोनदाच बसलो. लांब उभं राहिलं की लांब राहण्याची सवय लागते, निदान मला लागली.

३५ने दीड-दोन हातांवर जावंच लागतं, म्हणजे सतरंजीवर बसावं लागतं. बसलं की चहा येतो, नाव विचारलं जातं, आणि कोण कुणावर का चिडलंय ते आपोआप कळतं. पहिला अर्धा तास मी कॅमेरा मांडीवरच ठेवतो. कशासाठी आलोय ते सांगतो, कुणाला फोटो नको असेल तर तेव्हाच कळतं. फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ आपल्या लायका कॅमेऱ्याचे चकचकीत भाग काळ्या पट्टीने झाकत असे, असं वाचून मीही तपकीर गल्लीतून इन्शुलेशन टेप आणून ब्रँडचं नाव झाकलं. उपयोग झाला की नाही सांगता येत नाही, पोरं विचारतात, “काका, कॅमेरा तुटलाय?”

पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात तेव्हा हा फरक सगळ्यात जाणवतो. भवानी पेठेत, नाना पेठेत रस्त्याच्या कडेला कुणी वारकऱ्यांचे पाय चेपून देतंय, कुणी दाढी करून देतंय, कुणी तुटलेली चप्पल शिवून देतंय. समोरच्या फुटपाथवरून झूम लावला की दर दुसऱ्या फोटोत मधेच कुणाचं तरी डोकं. शेजारी उकिडवं बसलं की दाढीचा साबण, वस्तरा आणि मागे उभा असलेला पुढचा नंबरवाला, तिघंही एका चौकटीत येतात. आणि गाव कुठलं, कितवी वारी, हे विचारावं लागत नाही, ते सांगतातच.

आवाजाचं थोडं. छोट्या कॅमेऱ्यांतही फुजीच्या एक्स-१०० मालिकेसारखा, लेन्समध्येच शटर असलेला घ्या. तो जेमतेम टिचकीएवढा वाजतो. मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यावर झूम लावून ‘सायलेंट’ मोड वापरता येतो, पण त्यात चित्र एकदम नाही, ओळीओळीने टिपलं जातं, म्हणून आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर ट्यूबलाइटखाली पट्टे उमटतात. शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवला तर बहुधा सुटतात. नदीपात्रात ढोल-ताशा पथकाच्या सरावाला मी मित्राच्या कॅमेऱ्यावर तो मोड लावला होता. वादकाच्या हातातलं टिपरू केळ्यासारखं वाकडं आलं. (तिथे आवाज न करणारा कॅमेरा कशाला हवा होता, हे मलाही नंतर सुचलं.)

३५चे त्रासही सांगायला हवेत. कडेला आलेला माणूस आडवा ताणला जातो, आणि तो नेमका खजिनदार असतो. मागचं कॅलेंडर आता विरघळत नाही, तारखेसकट दिसतं. मुलं “माझा काढा, माझा काढा” करत भोवती जमतात. त्यांचे दहा-बारा काढून दाखवल्याशिवाय सुटका नाही. दीड तासात सहाशेऐवजी ऐंशी फोटो होतात, आणि ज्यांना ढिगाने फोटो हवेत त्यांना ते कमी वाटतात. आणि ज्याला अनोळखी माणसांत बसणं जिवावर येतं, त्याला मी आग्रह करणार नाही; अवघडून बसलेला फोटोग्राफर सगळी खोली अवघडून टाकतो.

तेव्हा तुमचं काम मुख्यतः स्टेजचं असेल तर झूम घ्या, मागचं सगळं विसरा. बैठका, वर्ग, कार्यशाळा, वस्ती असं असेल तर माझ्या मते पस्तीस. मी झूम विकून टाकला. वर्षातून दोनदा, वर्धापनदिनाला आणि बक्षीस समारंभाला, भाड्याने आणतो आणि संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या आत परत करतो.