छपाईपूर्वीचे आणखी एक वाचन: बेळगावातील एका सेवेचा अनुभव

ज्या समाजाचे चित्रण कथा-कादंबरीत आले असेल, त्याच समाजातल्या व्यक्तीकडून हस्तलिखित छपाईपूर्वी वाचून घ्यायचे आणि तिचे म्हणणे टिपणाच्या रूपाने लेखकापर्यंत पोहोचवायचे, असे काम बेळगावच्या टिळकवाडीत दोन स्त्रिया गेली काही वर्षे करीत आहेत. इंग्रजी प्रकाशनव्यवहारात अशा वाचकाला सेन्सिटिव्हिटी रीडर म्हणतात. गेल्या दशकात अमेरिकेतील बाल-कुमार साहित्याच्या प्रकाशकांनी ही पद्धत मोठ्या प्रमाणावर स्वीकारली. आपल्याकडे बहुतेकांच्या कानावर हे नाव पडले ते 2023 मध्ये, ब्रिटनमधील रोआल्ड डाल यांच्या बालपुस्तकांच्या नव्या आवृत्त्यांतील फेरफारांवरून वाद पेटला तेव्हा. त्यामुळे हे वाचक कात्री घेऊनच बसलेले असतात, असा एक ग्रह होऊन बसला आहे. मात्र तिथे दिवंगत लेखकाच्या छापील पुस्तकांना हात लागला होता. इथे लेखक हयात असतो, मजकूर अजून कच्चा असतो आणि शेवटचा शब्द लेखकाचाच राहतो.

मी सीमाभागातील एका लहान मराठी प्रकाशनासाठी संपादन करते. खानापूर तालुक्यातील एका तरुण लेखकाची कादंबरी आमच्याकडे आली होती. सौंदत्ती भागातील एक देवदासी आई आणि तिची मुलगी निपाणीला येतात, तंबाखूच्या वखारीत काम धरतात, अशी तिची कथा. काळ 1994 च्या आसपासचा. भाषा कसदार होती, लेखक माघी पौर्णिमेच्या यात्रेला यल्लम्माच्या डोंगरावर जाऊन आला होता, आणि त्याच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे काही कारणच नव्हते. तरीही आईचे पात्र सतत दूर राहत होते. ते का, हे त्या जगण्याबाहेरच्या संपादकाने सांगण्यापेक्षा आतल्या माणसाने सांगावे, म्हणून आम्ही या सेवेकडे गेलो. सेवेचे नाव मी येथे मुद्दाम देत नाही. त्यांच्याकडे वाचन करणाऱ्या काही स्त्रियांना आपली ओळख उघड होऊ द्यायची नाही, आणि आपल्या गावांतून एक नाव कळले की बाकीची कळायला वेळ लागत नाही.

हस्तलिखित दिल्यावर सेवा चालवणाऱ्या दोघी संयोजिकांपैकी एक जण ते आधी स्वतः वाचते आणि योग्य वाचक आपल्याकडे आहे की नाही हे स्पष्ट सांगते. आमच्यासाठी त्यांनी निवडलेल्या अक्का साठीच्या पुढच्या, लहानपणीच देवीला सोडलेल्या, नंतर संघटनेच्या कामात आयुष्य घालवलेल्या. त्या कन्नड आणि मराठी दोन्ही सफाईने बोलतात, पण दोनशे चाळीस पानांची मराठी कादंबरी हातात धरून वाचण्याची त्यांना सवय नाही. सेवेने त्यावर काढलेला मार्ग मला या सगळ्या कामातील सर्वांत मोलाचा वाटतो. कादंबरी त्यांना मोठ्याने वाचून दाखवण्यात आली, त्या जिथे जिथे बोलल्या ते ध्वनिमुद्रित केले गेले आणि पान क्रमांकासह, त्यांच्याच बोलीत, जसेच्या तसे उतरवून आम्हाला मिळाले. नुसता छापील तक्ता भरून घेतला असता तर आक्षेपार्ह शब्दांची यादी हाती आली असती. ऐकताना मात्र अक्का शब्दापाशी क्वचितच थांबल्या. जिथे गोष्ट पटली नाही, तिथे त्या थांबल्या.

पहिली मोठी हरकत समर्पणाच्या प्रसंगावर होती. मूळ मसुद्यात भर दुपारी देवळाच्या आवारात चौंडके वाजते आहे, भंडारा उधळला जातो आहे, गर्दी बघते आहे आणि पुजारी मुलीच्या गळ्यात मोती बांधतो आहे, असे चित्र होते. अक्कांचे टिपण असे: "असं उघड्यावर कोण बांधतंय तवा? पोलीस धरून नेत्यात की. घरातच बांधत्यात, दार लावून. शेजारणीलासुद्धा कळू देत न्हाईत." त्याखाली संयोजिकेने कायद्याचा संदर्भ जोडला होता. कर्नाटकाचा देवदासी समर्पण प्रतिबंधक कायदा 1982 चा आहे आणि मुलीला सोडणारे तिचे आईबापच असतील तर त्यांना पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे 1994 मधली आई हे करताना देवीच्या कोपाला भीत असेल, तशीच तुरुंगालाही भीत असेल. लेखकाने प्रसंग नव्याने लिहिला. आता तो एका म्हाताऱ्या जोगतिणीच्या घरी, रात्री घडतो. चौंडके खुंटीवरच राहते, कारण आवाज बाहेर जाता कामा नये, आणि मुलीला कळत नाही की सगळे कुजबुजत का आहेत. पहिल्या मसुद्यातील आई प्रथेच्या प्रवाहात वाहून जात होती. या मसुद्यात ती निर्णय घेते, त्याचा धोका जाणते आणि तरीही घेते. वाचकाला तिचा राग येतो, आणि त्या रागामुळेच ती जवळची होते.

दुसरी हरकत मला अधिक खोल वाटली. मसुद्यात ही आई जवळजवळ प्रत्येक प्रकरणात रडत होती. अक्कांनी विचारले होते, "ही बाई जेवती कवा, भांडती कवा? नुसती रडाय लागली तर घर कोण चालवतंय?" त्यापुढे त्यांनी जे सविस्तर सांगितले, ते अभ्यासकांनीही नोंदवलेले आहे. देवीला सोडलेल्या मुलीला माहेरी मुलाचा मान असतो, घरात वाटा असतो. भावांची लग्ने तीच लावते, कर्ज तीच फेडते आणि घरात तिचा शब्द चालतो. तिचे शोषण खरे असते आणि तिचा हा दरारासुद्धा खरा असतो. लेखकाच्या मनातील करुणेने पहिला भाग पाहिला होता, दुसरा झाकून टाकला होता. सुधारित मसुद्यात आई भावाशी घराच्या उताऱ्यावरून कडाक्याचे भांडण करते, आणि माझ्या मते संपूर्ण कादंबरीतील ते सर्वांत जिवंत प्रकरण आहे. वंचित माणसांबद्दल लिहिणाऱ्या आपल्या बहुतेक मराठी लेखनाचा अडसर अपशब्द हा नसून ही सरसकट दया आहे, असे मी गेली अनेक वर्षे मानत आले आहे. ती दया नेमकी बोट ठेवून दाखवणारे वाचन मला येथे प्रथमच मिळाले.

कादंबरीत एक जोगप्पाही आहे, म्हणजे यल्लम्माला वाहिलेली, स्त्रीवेशात राहणारी तृतीयपंथी व्यक्ती, पण तो केवळ हशा पिकवण्यापुरता. त्याविषयी अक्कांनी मत देण्यास नकार दिला आणि ते जोगप्पांनाच विचारा म्हणून सांगितले. ज्या राज्यात याच परंपरेतल्या लोककलावंत मंजम्मा जोगती जानपद (लोककला) अकादमीच्या अध्यक्षपदी बसल्या आणि 2021 मध्ये पद्मश्रीच्या मानकरी ठरल्या, तिथे या पात्राकडे इतक्या उथळपणे पाहणे बरे नव्हे, एवढे संयोजिकांनी सुचवले. परंतु त्यासाठी वाचक त्यांना मिळू शकला नाही. ही उणीव त्यांनी लपवली नाही, हे चांगले झाले. तरी उणीव ती उणीवच.

पोलीस ठाण्याच्या प्रकरणासाठी एका कन्नडभाषक निवृत्त शिक्षकांनी वाचन केले. त्यांची एक सूचना अक्षरशः प्रसंग उलटवणारी होती. मसुद्यात हवालदार कन्नडमध्ये पंचनामा लिहितो, आई भांबावून पाहत राहते आणि वखारीचा मराठी मालक व्यवहार मिटवतो. सरांनी विचारले की सौंदत्तीच्या बाईला कन्नड कळणार नाही, हे कसे? तिची तर ती मातृभाषा. त्या खोलीत पंचनामा न कळणारा माणूस कोणी असेल तर तो मालक. हे लक्षात आल्यावर त्या प्रसंगातील सारी सत्ता हलली, आणि सीमाभागाबद्दल त्यात जे आहे ते आता दहा भाषणांहून अधिक बोलते.

त्याच सरांनी 1 नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटकाच्या स्थापनादिनी सीमाभागातील मराठी माणसे पाळतात त्या काळ्या दिनाच्या फेरीतील घोषणा वगळाव्यात, त्यांनी कन्नड वाचक दुखावतील, असेही लिहिले होते. ही सूचना आम्ही स्वीकारली नाही. निपाणीत राज्योत्सवाच्या दिवशी काळे झेंडे घेऊन निघणारी माणसे घोषणा देणारच, आणि तो राग पात्रांचा आहे. चित्रण खोटे असणे आणि चित्रण बोचरे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सेवेच्या अहवालात त्या एकाच शीर्षकाखाली येतात, ते त्यांनी वेगळे करायला हवे. अहवालाच्या शेवटी "प्रकाशनास हरकत नाही" असे वाक्य असते, तेही काढावे. एका व्यक्तीने साऱ्या समाजाच्या वतीने परवानगी द्यावी अशी अपेक्षा करणे तिच्यावर अन्याय करणारे आहे, आणि उद्या एखादा प्रकाशक तेच वाक्य ढालीसारखे पुढे करील.

शुल्क आमच्या हस्तलिखितासाठी 14,000 रुपये झाले. त्यातील 9,000 थेट वाचकांना जातात आणि तशी पावती मिळते. लहान प्रकाशनाला ही रक्कम जड आहे, पण अक्कांच्या कित्येक तासांच्या बैठकी पाहता ती जास्त म्हणता येणार नाही. मार्गशीर्ष ते माघ या यात्रेच्या काळात काम रेंगाळते, तेव्हा हस्तलिखित पावसाळ्यात द्यावे. पाने लावून झाल्यावर देण्यात अर्थ नाही. दुसरा खर्डा तयार असावा आणि प्रकरणेच्या प्रकरणे पुन्हा लिहिण्याची लेखकाची तयारी असावी. ऋणनिर्देशात नाव हवे की नको, हे वाचकाला आधी विचारून लेखी ठरवून घ्यावे. अक्कांना नाव नको होते. छापलेल्या प्रती मात्र त्यांनी दोन मागितल्या आहेत, त्यांतली एक त्यांच्या नातीसाठी.